पांढऱ्या कोंबांची पाकिटं

चिमटाकाकूंच्या हातात चिमटा दिसला नाही, की समजावं, आज काकू रजेवर. बियाण्यांच्या खोलीत त्या सव्वीस वर्षं मदतनीस होत्या, म्हणजे काम सगळं त्यांचं आणि नाव साहेबांचं. मलाही त्यांनीच शिकवलं, अगदी कान धरून. ओल्या टीपकागदावर जवाचे दाणे मांडायचे, बशी चार दिवस फ्रिजमध्ये ठेवून त्यांची झोप मोडायची, मग उबेला काढायची.

त्यांचा जीव अभ्यासासाठी जपलेल्या एका वाणावर होता. त्याच्या चार कोंबांत साधारण एक दुधासारखा पांढरा यायचा आणि दहा-बारा दिवसांत मरायचा. मेलेल्याचं बी कुठून मिळणार? म्हणून त्याची हिरवी भावंडं वाढवायची, प्रत्येक रोपाचं बी वेगळ्या पाकिटात भरायचं आणि त्यातले थोडे दाणे उगवून बघायचे. ज्यातून पांढरे कोंब निघतील ते पाकीट जपायचं, बाकीची फेकायची. "उलटा संसार आहे रे हा," काकू म्हणायच्या. "ज्याच्या घरात मरण, त्यालाच सांभाळायचं."

त्या वर्षी तपासणी झाली, निवड तेवढी व्हायची राहिली, आणि काकू गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दीड महिना रजेवर गेल्या. नव्या साहेबांना साफसफाईचा झटका आला. पांढरे कोंब देणारी सगळी पाकिटं त्यांनी रोगट ठरवली आणि हिरवीगार तेवढी ठेवली. यादी मी केली, पाकिटं भट्टीतही मीच टाकली. मला सगळं कळत होतं. पण मला कायम करायची फाइल साहेबांच्या टेबलावर होती, म्हणून मी मूग गिळून बसलो.

काकू परत आल्या आणि त्यांनी उरलेल्या पाकिटांतले शंभर दाणे मांडले. शंभर हिरवे आले. पुन्हा मांडले, पुन्हा हिरवेच. कपाटाच्या तळाशी काही फार जुनी पाकिटं होती, त्यांतला एकही दाणा फुगण्यापलीकडे गेला नाही.

"वा काकू, शंभर टक्के उगवण!" साहेब म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "तू होतास ना रे इथे?"

"होतो."

"आणि तुला माहीत होतं."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिन्याभरात मी कायम झालो. निर्लज्जासारखा ते सांगायला त्यांच्याकडे गेलो.

"बसा, साहेब," काकू म्हणाल्या, आणि गुडघा धरत माझ्यासाठी उठून उभ्या राहिल्या.