सुलभाचं एक दिवसाचं मौन

आमच्या घरात झाडांविषयी बोलण्याचा अधिकार फक्त एका व्यक्तीला आहे, आणि ती व्यक्ती मी नाही.

ती व्यक्ती म्हणजे माझी बायको, सुलभा. तिने अठ्ठावीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. मी जवळजवळ तेवढीच वर्षं एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. माझ्या स्टोअरमध्ये हजारो वस्तू होत्या आणि प्रत्येकीवर चिठ्ठी होती. बोल्ट मागितला की बोल्टच मिळायचा. झाडांना निसर्गाने चिठ्ठ्या लावलेल्या नाहीत, हा काही माझा दोष नव्हे! पण लग्नाला तेहतीस वर्षं होऊनही मी एखाद्या झाडाकडे बोट दाखवून तोंड उघडलं, की मागून आवाज येतोच, "अहो, ते नाही ते." लग्नकार्यात, दवाखान्याबाहेर, एकदा तर थेट स्मशानात! (मी पिंपळाला वड म्हणालो होतो. त्या दिवशी माझा सख्खा मामा गेला होता. तरीही.)

तर गेल्या जानेवारीत आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या आठ जणांच्या कंपूची सहल ठरली. कात्रजच्या अलीकडे टेकडीच्या पोटात एक राखीव जंगल आहे, तिथे दिवसभर हिंडायचं, झाडं-पक्षी पाहायचे, डबे खायचे आणि संध्याकाळी परत. सगळे आमच्या घरी चहाला जमले होते. शाळेपासूनचा माझा मित्र विनायक, म्हणजे विन्या, म्हणाला, "गाईडचा प्रश्नच नाही. सुलभावहिनी आहेत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकं फिरलं.

"मी करणार गाईडचं काम," मी म्हणालो.

विन्याने कप खाली ठेवला. "अव्या, गेल्या महिन्यात तू सोसायटीच्या गेटजवळच्या शेवग्याला चिंच म्हणालास."

"तेव्हा त्याला शेंगा नव्हत्या!"

"बरं, शेंगा असत्या तर काय म्हणाला असतास?"

विन्याची बायको, मंदावहिनी, चहा पिता पिता हसली आणि तिला जोरात ठसका लागला. आता माघार घेणं शक्यच नव्हतं. सुलभा मात्र शांत होती. ती शांत असली की मी सावध व्हायला हवं, हे मला तेहतीस वर्षांत समजायला हवं होतं.

"करू द्या त्यांना," ती म्हणाली. "मी त्या जंगलात एक शब्द बोलणार नाही. पण अहो, तुम्ही मला काही विचारलंत, तर गॅलरी माझी."

ही गॅलरी म्हणजे आमच्या घरातली एकमेव पूर्वेकडची जागा. तिथे माझी आरामखुर्ची आहे, आणि सकाळी सात ते साडेआठ त्या खुर्चीत बसून पेपर वाचणं हे माझ्या निवृत्त आयुष्यातलं एकमेव राज्य आहे. सुलभाला तिथे कुंड्या हव्या होत्या. चार वर्षं आमचा हा लढा चालू होता.

"आणि तू बोललीस तर?" मी विचारलं.

"तर खुर्चीचं नाव काढणार नाही. कधीच."

विन्या आणि मंदावहिनी साक्षीदार झाले. मी दुसऱ्याच दिवशी लक्ष्मी रोडला जाऊन आठ खिशांचं खाकी जाकीट, खाकी टोपी आणि शिट्टी विकत आणली. (शिट्टी कशाला, असं सुलभाने नजरेनेच विचारलं. मलाही माहीत नव्हतं.)

सहलीच्या दिवशी सकाळी आठला आम्ही गेटवर पोचलो. तिथले रखवालदार मामा मांजरीकडचे, वयाने माझ्याएवढेच. त्यांनी माझं जाकीट खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "वाट सोडू नका साहेब. आन कशाला हात लावू नका. लई कायबाय उगवलेलं हाय."

"मीच गाईड आहे," मी म्हणालो.

"मंग तर आजाबातच लावू नका," मामा म्हणाले.

पहिला तास माझ्या आयुष्यातला सुवर्णकाळ होता! झाडांवर फक्त नंबरचे पत्रे होते, नावं नव्हती. त्यामुळे नावं ठेवायला मी मोकळा होतो. पानं झडलेल्या, फिकट गुलाबी फुलांनी लगडलेल्या झाडांची रांग आली. "जपानी चेरी," मी सांगितलं. "पुण्याच्या थंडीत मस्त रुजते." मंदावहिनीने फोटो काढला. मी चोरून सुलभाकडे पाहिलं. तिने पिशवीतून भाजलेले शेंगदाणे काढले आणि एक दाणा तोंडात टाकला. पुढे मी कांचनाला आपटा म्हणालो आणि दसऱ्याची माहिती दिली. तिने दुसरा दाणा टाकला. खैर, बाभूळ, हिवर ही तिन्ही झाडं मी एकाच नावात उरकली. आता तिचे दाणे मुठीने जाऊ लागले.

एवढ्यावर भागलं असतं तर मी आज ही हकिगत लिहीत बसलो नसतो. पण अकराच्या सुमारास वाघोलीच्या एका शाळेची सहल समोरून आली. तीसेक मुलं, हातात वह्या-पेन्सिली, आणि त्यांच्यापुढे एक घामाघूम झालेल्या तरुण बाई. त्यांनी माझं जाकीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सर, तुम्ही इथले एक्स्पर्ट ना? आमचा गाईड आलाच नाही. प्लीज, मुलांना थोडं एक्सप्लेन कराल?"

इथे कुठल्याही सज्जन माणसाने 'नाही' म्हटलं असतं. पण पुण्यात जन्मलेल्या माणसाला रस्ता विचारा, राजकारण विचारा, नाहीतर हृदयाची शस्त्रक्रिया विचारा, 'मला माहीत नाही' हे वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. मी शिट्टी वाजवली. (आत्ता कळलं, ती कशाला आणली होती.)

"मुलांनो, लिहून घ्या!"

तीस पेन्सिली कामाला लागल्या. मी बोलत सुटलो. झुडपाखाली मातकट रंगाचे पक्षी कलकलाट करत होते. "हे सातभाई," मी म्हणालो. हे मात्र मला खरोखर माहीत होतं, म्हणून जरा जोरात म्हणालो.

दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने मोजले. "आजोबा, हे नऊ आहेत."

"दोन पाहुणे आलेत."

तिने वहीत 'दोन पाहुणे' असं लिहिलं. विन्या झाडाआड जाऊन पोट धरून हसला. सुलभाचे दाणे संपले होते, ती आता नुसतीच पिशवीचं तोंड आवळत आणि सोडत होती.

आणि मग ती वेल आली.

वाटेच्या कडेला एका झुडपावर ती पसरली होती. वाळलेली पानं, आणि त्यांतून लोंबणारे शेंगांचे घोस. करंगळीएवढ्या, किंचित वळलेल्या शेंगा, आणि प्रत्येकीवर सोनेरी मखमल! उन्हात ती अशी चमकत होती की मी क्षणभर गाईडचं कामही विसरलो. पण तीस मुलं माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"ही," मी म्हणालो, "रेशमी शेंग."

मागे सुलभाच्या हातातली पिशवी धपकन पडली.

मी वळून पाहिलं. ती दोन्ही हात हलवत होती. डोळे मोठे करत होती. मान इतक्या जोरात हलवत होती की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. मला वाटलं, हरायची वेळ आली म्हणून बाई घायकुतीला आली.

"खाणाखुणा चालणार नाहीत!" मी ठणकावलं. "मौन म्हणजे मौन!"

तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मी विजयी वीराच्या थाटात एक शेंग तोडली. "पूर्वीच्या काळी राण्या ही गालांना लावायच्या," मी मुलांना सांगितलं, आणि प्रात्यक्षिक म्हणून दोन्ही गालांवरून आणि मानेवरून ती छान हळुवार फिरवली. विन्या हौशी माणूस. तोही पुढे आला, दुसरी शेंग घेऊन मानेवर घासली आणि मंदावहिनीला म्हणाला, "काय मऊ आहे गं! घरी नेऊ या दोन-चार."

तेवढ्यात वेण्यांवाल्या मुलीने शेंगेकडे हात नेला.

"हात लावू नका! सगळे मागे! ती खाजकुयली आहे!"

अठ्ठावीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज टेकडीवरून परत आला. तीस मुलं जागच्या जागी थिजली. ती मुलगी चार पावलं मागे सरकली. आणि मी? मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "बोललीस! पैज मी जिंकलो! विन्या, तू साक्षीदार आहेस!"

विन्याचं लक्ष भलतीकडेच होतं. तो मानेला हात लावून विचारात पडला होता.

मग मीही विचारात पडलो. आधी गालावर मुंगी चालल्यासारखं वाटलं. मग मुंग्यांचं कुटुंब. मग त्यांची सगळी सोसायटी, सभासदांसह! मी खाजवलं, आणि खाज बोटांवर आली. बोटं जाकिटाला पुसली, ती आठही खिशांवर पसरली. मान, कान, टोपीखालचं टक्कल, काही म्हणता काही सुटलं नाही. मी एका पायावर, मग दुसऱ्या पायावर उड्या मारायला लागलो. विन्या झाडाला पाठ घासत गोल गोल फिरत होता.

"अव्या," तो कळवळून ओरडला, "कुठली राणी होती रे ती?"

मुलं बेहद्द खूश होती. बाईंनी त्यांना सुरक्षित अंतरावर ओळीत उभं केलं, तिथून त्यांना आणखी चांगलं दिसत होतं.

"सुलभा!" मी म्हणालो.

"मी हरले ना," ती शांतपणे म्हणाली. "आता मी कशाला बोलू? जिंकलेल्या माणसाने ठरवावं."

मी दात ओठ खाऊन उभा राहिलो. गॅलरी माझी होती! खुर्ची माझी होती! फक्त गाल, मान, कान आणि दोन्ही हात माझे राहिले नव्हते. मी मनात दहापर्यंत आकडे मोजायचं ठरवलं. चारपर्यंत पोचलो.

"काय करू, ते सांग!"

"विचारताय?"

"विचारतोय! गॅलरी घे, खुर्ची घे, पेपरसुद्धा आधी तूच वाच, पण सांग!"

"चोळणं बंद करा. दोघंही! पाणी लावू नका," ती म्हणाली. आरडाओरडा ऐकून रखवालदार मामा धावत आले होते, त्यांच्याकडे वळून तिने विचारलं, "मामा, शेण मिळेल का?"

"मिळंल की!" मामांच्या चेहऱ्यावर मला उगीचच आनंद दिसला. "भाईर वढ्याला म्हशी हायेत. ताजं आनतो, ऊन ऊन."

पुढच्या दहा मिनिटांबद्दल मी फार बोलणार नाही. मंदावहिनीने पदर नाकाला लावून विन्याला लिंपलं आणि सुलभाने मला. "वाळलं की खरवडून काढायचं, त्याबरोबर शेंगेचे केस निघतात," ती मुलांना समजावत होती, आणि मुलं माझ्याभोवती अर्धवर्तुळ करून ते लिहून घेत होती. मग ती म्हणाली, "आता आधीची तीन पानं उघडा आणि त्यावर काट मारा. सातभाई तेवढे ठेवा. पाहुणे खोडा."

जपानी चेरीचं गिरिपुष्प झालं, आपट्याचा कांचन झाला. माझ्या एका नावाची तीन झाडं झाली. मी एका दगडावर चेहऱ्यावर शेणाचा लेप घेऊन बसलो होतो आणि ती मुलांना पान उलटं करून त्याच्या शिरा दाखवत होती. एकही मूल हललं नाही. खरं सांगतो, मला तिचा फार अभिमान वाटला, आणि तिला आपण सकाळभर गप्प बसवलं याची लाजही वाटली. (खाज या दोन्हींपेक्षा जास्त होती, पण ती वेगळी गोष्ट.)

परत निघालो तेव्हा गेटबाहेर रिक्षावाल्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सुलभाला म्हणाला, "मॅडम, तुम्ही बसा. हे कशाने येणार आहेत?"

आता गॅलरीत एकवीस कुंड्या आहेत आणि माझी खुर्ची पॅसेजमध्ये, चपलांच्या स्टँडशेजारी आहे. तिथे ऊन येत नाही, पण येणारा-जाणारा माणूस भेटतो. गेल्या महिन्यात शाळेच्या त्या बाईंनी सुलभाच्या फोनवर वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. सहलीच्या सगळ्या वह्यांमध्ये ही वही पहिली आली होती. वही अर्थातच दोन वेण्यांची. पानावर वेल काढली होती, शेंगा सोनेरी रंगवल्या होत्या, आणि बाजूला आठ खिशांचं जाकीट घातलेला एक माणूस एका पायावर उभा होता. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'खाजकुयली. हात लावू नये. ओळखण्याची खूण : जवळच एक आजोबा नाचत असतात.' आणि शेजारी बाईंचा लाल शेरा होता, 'अचूक निरीक्षण!'

एखादी वनस्पती बरोबर ओळखायला माझा उपयोग झाला, असं उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.