नाव तेच, अंक पहिला

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या पनवेलात सापडणार नाही. समोर उभा असलेला माणूस कालचाच आहे, हे ते कधीच गृहीत धरत नाहीत. बेल वाजवली की दार फटीएवढं उघडतं, चष्म्यामागचे डोळे आपल्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात आणि प्रश्न येतो, "कुठल्या सालचे?" लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी भाबडेपणाने जन्मसाल सांगितलं. "ते नव्हे हो, जावईबापू. सध्याचे तुम्ही कधीपासून?" तेव्हा मी हसलो खरा, पण परत येताना आरशात दोनदा पाहिलं.

या खुळाचं मूळ त्यांच्या पनवेललगतच्या करंजाडेच्या घरात छतापर्यंत रचलेल्या इंग्रजी सुपरहिरो कॉमिक्समध्ये. हे प्रकाशक चालू मालिका मध्येच बंद करतात आणि त्याच नावाने, त्याच मुखवटेवाल्याची नवी मालिका पुन्हा अंक पहिला म्हणून काढतात. एकाच नावाचे असे पाच-सहा पहिले अंक निघाले की ओळखायचे कसे? तर मालिका ज्या साली सुरू झाली, त्या सालावरून. मामा प्रत्येक अंकाच्या पिशवीवर ते साल लिहितात आणि बजावतात, "नावावर जायचं नाही. नाव फसवतं." हे कॉमिक्सपुरतं राहिलं असतं तर ठीक, पण मामांनी सगळं गाव त्यात ओढलं. नवीन पनवेल त्यांच्या लेखी जुन्याची दुसरी मालिका. बाप वारल्यावर त्याचीच टोपी घालून त्याच्याच आवाजात हाळी देणारा इस्त्रीवाला, तोही दुसरी मालिका. सोसायटीचे सेक्रेटरी बायपास करून परतले, तर मामांनी त्यांना हार घालून "अंक पहिला, अभिनंदन!" म्हटलं. ते गृहस्थ अजून मामा दिसले की लिफ्ट सोडून जिन्याने जातात.

मग मामींना ताप आला, तो मेंदूत गेला, आणि बऱ्याच दिवसांनी त्या घरी परतल्या. चेहरा तोच, केसांचा अंबाडा तोच. पण ओल्या बोंबलांवर जीव टाकणाऱ्या मामी आता मासळीच्या वासाने दार लोटून घेऊ लागल्या. मासळीची टोपली घेऊन येणारी कोळीण मावशी मला जिन्यात हळूच म्हणाली, "दादा, बाय तीच हाय, पन बगते ती दुसरीच कोनतरी." माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

आत गेलो तर भर दुपारी पडदे ओढलेले होते. कॉमिक्सच्या थप्प्यांच्या मध्ये मामी निश्चल बसल्या होत्या, नजर मामांवर रोखून. मी पाया पडायला वाकलो, तर कानाशी कुजबुजल्या, "हे गृहस्थ कोण? स्वतःच्या घरी का जात नाहीत?" मामांनी ते ऐकलं. मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाले, "सगळे सांगतात, जुने फोटो दाखवा, आठवेल. फोटो दाखवले की ती घाबरते. स्वतःचाच चेहरा पाहून घाबरते हो! उद्या तिने मला बाहेर काढलं तर मी कुठे जाऊ?" मला त्यांची फार दया आली.

मामांनी फोटो कपाटात टाकले. रोज सकाळी दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून ते मामींसमोर उभे राहू लागले. "नमस्कार. मी इथेच राहतो. चहा करू का?" नातेवाईक म्हणाले, आता दोघंही गेली कामातून. मामींनी कितीतरी दिवस मान फिरवली. मग एका सकाळी कप हातात घेतला आणि विचारलं, "नाव काय तुमचं?" उखाण्यापलीकडे नवऱ्याचं नाव कधी न घेतलेली ही बाई आता त्यांना सरळ नावाने हाक मारते, आणि मामा नव्या नवऱ्यासारखे लाजतात.

परवा मी धीर करून विचारलं, "मामा, आधीच्या मामींची आठवण येते?"

ते म्हणाले, "ही मालिका चांगली आहे हो. पण जुनी बंद होणार, हे आधी कुणी सांगत नाही. शेवटचा अंक माझ्या हातात होता, जावईबापू, आणि मी तो नेहमीसारखाच चाळून ठेवून दिला."

आतून मामींनी हाक मारली, तसे ते घाईने उठले.