भरीव आवाज

शाळेच्या पोरांची व्हॅन चालवणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली कानसेन म्हणायची. रस्त्यावरून गेलेल्या गाडीचं दुखणं तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. पण ते कान आता राहिले नव्हते, आणि हे बायकोला कळून चुकलं होतं. कबूल केलं तर स्टिअरिंग सुटणार. गाड्यांशिवाय दुसरं काही तर त्याला येत नव्हतं. तिनं विषय काढला की तो तिच्यावरच डाफरायचा, "तोंडातल्या तोंडात पुटपुटू नकोस!"

"काका, गाडी घूं घूं करतेय," असं पोरं म्हणायची, तेव्हा तो हसण्यावारी न्यायचा. सुट्टीच्या दिवशी बायको शेजारी बसली आणि तिनंही त्याचा दंड हलवून तेच सांगितलं. घरी येऊन त्यानं मागचं चाक जॅकवर उचललं, दोन्ही हातांनी हलवलं. चाक डगडगलं. बेअरिंग पार झिजलेलं. त्याचा चेहरा पडला.

"गॅरेजात द्या की."

"लोकांची बेअरिंगं बसवण्यात जन्म गेला, आणि माझी गाडी गॅरेजात देऊ?"

दारातच त्यानं चाक सोडवलं, जुनं बेअरिंग ठोकून काढलं, जागा पुसून घेतली, ग्रीस लावलं. नवं बेअरिंग जागेवर धरून, त्यावर जुन्याची लोखंडी कडी ठेवून तो हातोडा मारू लागला. लग्न झाल्यापासून हे काम ती बघत आली होती. आधी पोकळ वाजतं. बेअरिंग तळाला टेकलं की आवाज एकदम भरीव होतो, आणि तिथं त्याचा हात आपोआप थांबतो.

आवाज भरीव झाला. भाजी निवडणारे तिचे हात थांबले.

त्याचा हात थांबला नाही.

"अहो, पुरे!" ती ओरडली. तो ठोकतच होता, जीव तोडून. शेवटी तिनं धावत जाऊन त्याचं मनगट धरलं.

त्यानं बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवलं. कोरं बेअरिंग, पण बोटाखाली वाळू भरल्यासारखं अडकत होतं.

"कधी थांबायला हवं होतं?"

"मघाशीच," ती त्याच्या कानाशी म्हणाली.

त्यानं हातोडा बाजूला ठेवला. मग खिशातली किल्ली काढून त्यानं तिच्या ओंजळीत ठेवली.

"पोरांच्या घरी सांगून ये. उद्यापासून दुसरी गाडी बघा म्हणावं."

"काय सांगू? बेअरिंग गेलं म्हणून?"

तो तिच्या ओठांकडे बघत होता.

"नको. कान गेले म्हणून सांग."