नल्लकुंट्याची फिडलवाली

त्रिवेणी उमरीकर आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते, हैदराबादच्या नल्लकुंट्यात, भाजी बाजाराच्या मागच्या गल्लीत. वय अठ्ठेचाळीस. लग्न केलं नाही. सोबत वडील, एकनाथराव. ते कोर्टात शिरस्तेदार होते, आता ब्याऐंशीचे आहेत आणि पेन्शनला अजून वजीफाच म्हणतात. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला दुपारी वेळ असतो आणि तिला कधीमधी बोलायला माणूस लागतं, म्हणून हे सगळं मला माहीत.

गल्लीत ती 'फिडलवाली मॅडम'. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवायची रीत तेवढी निराळी. त्रिवेणी वाजवते ते आयर्लंड-स्कॉटलंडकडचं संगीत, ज्याला सगळं मिळून केल्टिक म्हणतात. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये एक म्हाताऱ्या आयरिश सिस्टर होत्या. त्यांनी शाळा सुटल्यावर चार मुलींना ते शिकवलं. तिघींनी सोडलं, हिनं धरून ठेवलं. पुढे विमा कंपनीत चौदा वर्षं नोकरी केली, आणि सदतिसाव्या वर्षी एक दिवस राजीनामा देऊन घरी आली. एकनाथराव आठवडाभर तिच्याशी बोलले नव्हते.

मग तिनं घरच्या मागच्या खोलीत गाद्या उभ्या करून, पंखा बंद ठेवून, स्वतःच्या चालींचे तीन अल्बम केले. कंपनी नाही, मॅनेजर नाही. जे काही करायचं ते हिनंच. आणि मला वाटायचं, वाजवणं म्हणजेच काम. तसं नव्हतं. वाजवणं दिवसाचा एक तास. उरलेला वेळ लोकांना सांगण्यात जायचा, की मी वाजवलंय, ऐका. व्हिडिओ करा, कापा, त्यावर चार ओळी लिहा, गाणं कुठे मिळेल ते टाका. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी यादीतल्या सगळ्यांना ईमेलनं बातमीपत्र. यादीत सहाशेच्या वर नावं होती. आयर्लंड, कॅनडा, जपान, थोडी बंगळूर-पुण्याची. हैदराबादची अकरा, त्यातली एक मी.

"पत्र नेहमी हसरं लागतं, कुसुमताई," ती म्हणायची. "रडक्या माणसाचं गाणं कोण ऐकतं?"

त्या यादीतलं सगळ्यात जुनं नाव नोरीनचं. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यात राहणारी विधवा बाई, आयुष्यभर सायकलवरून टपाल वाटलेलं. पहिल्या बातमीपत्राला यादीत सतराच माणसं होती, आणि उत्तर एकटीचं आलं. तेव्हापासून नऊ वर्षं दर महिन्याला तिच्या चार ओळी यायच्या. पाऊस किती झाला, कोंबड्यांनी अंडी किती दिली, गुडघा कसा आहे. आणि शेवटी एक टोमणा, "दुसऱ्या कडव्यात तू अजून घाई करतेस." त्रिवेणीची एक संथ चाल आहे, आमच्या मूसी नदीवरून 'मूसीकाठ' नावाची. नोरीनला ते नाव उच्चारता येत नसे. ती तिला 'तुझी ती नदीची' म्हणायची. दोघी कधी भेटल्या नाहीत.

मागच्याच्या मागच्या सप्टेंबरात त्रिवेणीचा उजवा खांदा धरला. आधी वाटलं, झोपेत आखडला असेल. महिनाभरानं वेणी घालता येईना. कोठी भागातल्या डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला, तो छातीच्या वर जाईना. म्हणाले, फ्रोझन शोल्डर आहे, या वयात बायकांना होतो. सुटतो, पण वर्ष लागेल, दीड वर्षही लागेल. व्यायाम दिला, भिंतीवर बोटं चढवत न्यायची. ती रोज सकाळी बाल्कनीतल्या भिंतीवर बोटं चढवायची आणि जिथपर्यंत पोचली तिथे पेन्सिलीनं खूण करायची. काही दिवसांनी खुणा करणं सोडून दिलं, कारण त्या सगळ्या एकाच जागी येत होत्या.

व्हायोलिन पेटीत गेलं. गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या ती घ्यायची, त्या चालू राहिल्या, तोंडानं सूर सांगून. पण बातमीपत्राचं काय करायचं? ऑक्टोबरचा पहिला रविवार आला. तिच्याकडे जुन्या व्हिडिओंचा साठा होता, कधी न दाखवलेला. तिनं त्यातला एक काढला, नीट कापला आणि वर लिहिलं, "आज सकाळी वाजवलेलं, खास तुमच्यासाठी."

मला ते माहीत होतं. मी विचारलंसुद्धा, "अगं, खरं का नाही सांगत?"

"एकदा आजारी पडलीय म्हटलं की लोक दोन महिने विचारतात, तिसऱ्या महिन्यात विसरतात," ती म्हणाली. "आणि चौथा अल्बम येणार म्हणून मी वर्षभर सांगतेय. आता काय सांगू?"

तिचा चेहरा इतका ओढलेला होता, की शिकवावंसं वाटेना.

असेच महिने गेले. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. प्रत्येक पत्रात "आज सकाळी". फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी तिनं 'मूसीकाठ'चाच एक जुना व्हिडिओ पाठवला. सोमवारपर्यंत नोरीनचं उत्तर आलं नाही. म्हातारी माणसं, राहिलं असेल, असं तिला वाटलं.

मंगळवारी दुपारी मी तिच्याकडे साबुदाणे द्यायला गेले होते, तेव्हा फोन वाजला. परदेशातला नंबर. पडद्यावर पन्नाशीची एक बाई, डोळे सुजलेले. नोरीनची मुलगी, ऊना. आदल्या रात्री आई गेली, असं तिनं सांगितलं. आठवडाभर हॉस्पिटलात होती, छातीत पाणी झालं होतं.

त्रिवेणी मटकन खुर्चीत बसली.

"आईनं कागदावर लिहून ठेवलंय," ऊना म्हणाली. "अंत्यविधीला तुमची ती नदीची चाल हवी. गुरुवारी अकरा वाजता आहे, तुमच्याकडे साडेचार होतील. चर्चमध्ये पडदा आहे, फादर हो म्हणालेत. तुम्ही तिथून वाजवाल ना?"

"मला नाही वाजवता येणार," त्रिवेणी म्हणाली. "माझा हात वर जात नाही. खांदा धरलाय."

"अरे. कधी झालं हे? काल?"

त्रिवेणीनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"सप्टेंबरात."

मग ऊना म्हणाली, "पण परवा रविवारी तुम्ही व्हिडिओ पाठवलात. मी तो आईला दाखवला, हॉस्पिटलात. तुम्ही लिहिलं होतं, आज सकाळी वाजवलं म्हणून."

"तो जुना होता."

"तो बघून आई म्हणाली, 'चला, त्रिवेणी बरी आहे म्हणजे.' तिला काळजी होती. शरद ऋतूपासून तुमच्या पत्रात काहीतरी कमी आहे, असं ती म्हणायची."

"मला माफ करा," त्रिवेणी म्हणाली.

ऊना रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "ठीक आहे," ती म्हणाली, "मग आम्ही रेकॉर्डिंग लावू," आणि फोन ठेवला.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्रिवेणीनं पेटी उघडून तीनतीनदा प्रयत्न केला. मला खालून ऐकू येत होतं. गज तारेवर टेकायचा, एक करकर, मग काही नाही. एकदा तिचा ओरडल्याचा आवाज आला आणि मी वर धावले. ती जमिनीवर बसून डाव्या हातानं उजवा दंड दाबत होती. "नक्को, कुसुमताई," ती म्हणाली, "काही बोलू नका."

गुरुवारी साडेचारला चर्चचा कॅमेरा तिच्या लॅपटॉपवर लागला. तिकडे हल्ली अंत्यविधीही असा दाखवतात. कॅमेरा उंचावर कुठेतरी बसवलेला होता, त्यामुळे माणसांचे चेहरे दिसत नव्हते, नुसत्या टोप्या, टक्कल आणि कोटांचे खांदे. मधोमध शवपेटी, तिच्यावर पिवळी फुलं आणि टपालवाल्यांची एक जुनी टोपी. एकनाथराव चहा मागायला बाहेर आले आणि उभेच राहिले.

"कोण गेलं?"

"माझ्या ओळखीची एक बाई, अण्णा."

"कितीची होती?"

"तुमच्याएवढी."

ते खुर्ची ओढून बसले. चहाचं विसरले. प्रार्थना चालू होती, त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, तरी शेवटपर्यंत बसले.

मग 'मूसीकाठ' लागलं. कोणीतरी मोबाइल माइकसमोर धरला असावा. आवाज डब्यातून आल्यासारखा, वर खरखर. पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू होता होताच फादरला वाटलं संपलं, आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली. कोणीतरी घाईघाईनं मोबाइल बंद केला. झालं. चार माणसांनी पेटी उचलली.

त्रिवेणी रडली नाही. ती उठून चहा ठेवायला गेली, आणि मी गेले तेव्हा गॅसजवळ उभी राहून उतू जाणाऱ्या दुधाकडे नुसती बघत होती. मी गॅस बंद केला.

पुढचं पत्र मार्चमध्ये जायचं होतं. तिनं वाट पाहिली नाही. चार दिवस लिहिणं-खोडणं चाललं, आणि सोमवारी तिनं ते पाठवलं. त्यात व्हिडिओ नव्हता, फोटो नव्हता. इंग्रजीतच होतं. मला आठवतं ते साधारण असं:

"सप्टेंबरपासून मी एक सूरही वाजवलेला नाही. 'आज सकाळी' म्हणून जे तुम्हाला पाठवलं, ते सगळं जुनं होतं. माझा उजवा खांदा आखडला आहे, कधी सुटेल माहीत नाही. चौथा अल्बम या वर्षी होणार नाही. यादीतली पहिली बाई गेली, आणि जाताना माझं खोटं खरं मानून गेली. मी दमले आहे. खांद्याच्या आधीपासून दमलेली आहे, पण ते लिहायची पद्धत नव्हती."

दोन दिवसांत त्रेसष्ट जणांनी नाव काढून घेतलं. कॅनडातल्या एकानं लांबलचक लिहिलं, की ही सरळ फसवणूक आहे. तिनं त्याला एका ओळीत उत्तर दिलं, "तुमचं म्हणणं बरोबर आहे." चाळीसेक जणांनी खांद्याचे उपाय कळवले, गरम वाळूपासून गोठवलेल्या वाटाण्याच्या पिशवीपर्यंत. बरेच जण काहीच बोलले नाहीत आणि राहिले. ऊनाचं पत्र आलं नाही. आजतागायत आलेलं नाही.

मला वाटलं होतं, खरं सांगितल्यावर तिला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. ती संध्याकाळी सातलाच झोपायला लागली. शिकवणीच्या मुलांवर कधी न चिडणारी बाई, एका मुलीला "उद्यापासून येऊ नकोस" म्हणाली, आणि मग तिच्या घरी जाऊन तिच्या आईची माफी मागून आली. उन्हाळ्यात तिनं जुन्या विमा कंपनीच्या एका एजंटाकडे अर्धा दिवस काम धरलं. टायपिंग डाव्या हातानं.

जूनमध्ये गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या जानकम्मा घरी आल्या. त्या कर्नाटकी व्हायोलिन शिकवतात, सत्तरीच्या आहेत, आणि यादीतल्या अकरा हैदराबादकरांत त्यांचंही नाव होतं हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यांना इंग्रजी पत्र नातीनं वाचून दाखवलं होतं, तेही चार महिन्यांनी. आल्या त्या सरळ मागच्या खोलीत गेल्या, चटई पसरली आणि म्हणाल्या, "कूर्चुनि वायिंचु." बसून वाजव.

त्यांच्याकडे मांडी घालून, व्हायोलिनचं टोक उजव्या घोट्यावर टेकवून वाजवतात. वाद्य खाली उतरतं, त्यामुळे गजाचा हात फार वर न्यावा लागत नाही. त्रिवेणी आधी नाहीच म्हणाली. "अम्मा, आमचं संगीत असं नाही वाजवत. नाचाचं आहे ते."

"मरी? नुव्वु नाचतेस का?" जानकम्मा म्हणाल्या, अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. मग, तू नाचतेस का?

पहिल्या दिवशी तीन मिनिटं वाजवलं. दुखलं, पण वाजलं. सूर पडत होते, गज घसरत होता, आणि जलद चाली तर जमतच नव्हत्या. संथ तेवढ्या कशाबशा. एकनाथराव दारातून डोकावून गेले आणि मला म्हणाले, "हे बरं आहे. आधीचं फार पळायचं."

आता याला वर्ष होत आलं. खांदा कानापर्यंत जातो, त्याच्या वर नाही. अल्बम झाला नाही. बसून वाजवलेल्या चार संथ चाली तेवढ्या तिनं जानेवारीत लोकांपुढे ठेवल्या. थोड्यांनी घेतल्या. एकानं लिहिलं, की पूर्वीचा जोर राहिला नाही, आणि तिनं मला ते वाचून दाखवत म्हटलं, "खरंच आहे की." बातमीपत्र आता तीन महिन्यांतून एकदा जातं. व्हिडिओ पाठवला तर खाली तारीख असते. हसरं असतंच असं नाही.

गेल्या रविवारी कोठीच्या मराठी वाचनालयात तिचा कार्यक्रम होता. कार्यकर्त्या सुनंदाबाईंनी चहा आधीच सांगितल्यामुळे निम्मे लोक मध्येच उठले. माइकवाल्यानं मला विचारलं, "आंटी, ये कौनसे मुलुक का है?" मी म्हटलं, "नल्लकुंटे का." तो हसला आणि आवाज वाढवला. त्रिवेणीनं वीस मिनिटं वाजवलं, ठरली होती चाळीस. उठताना तिला माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

परतताना ऑटोत ती डोळे मिटून बसली होती. मला वाटलं झोपली. गौलीगुड्याच्या गर्दीत ऑटो अडकला तेव्हा डोळे न उघडताच म्हणाली, "पत्रात काय लिहू हो आजचं?"

"बावीस लोक होते म्हणून लिही."

"पंचवीस होते."

"तिघं चहावाल्याचे होते गं."

"त्यांनीही ऐकलंच की," ती म्हणाली, आणि उजवा हात हळूच उचलून मांडीवर नीट ठेवला.