पाठ टेकल्यावर

मला मारामारी बघायला आवडते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात मी काही गरीब गाय नव्हते. पौषात म्हसा गावची जत्रा भरली की बरोबरीच्या मुली बांगड्यांच्या दुकानांत शिरायच्या आणि मी बाबांच्या मागोमाग कुस्त्यांच्या आखाड्यावर. बाबा तरुणपणी कुस्ती खेळलेले. त्यांचे दोन्ही कान मातीत रगडून रगडून गाठीसारखे झाले होते. लहानपणी मी ते चाचपून बघायचे आणि ते म्हणायचे, “हळू गो, अजून दुखतो.”

माझ्या धाकट्या भावाला त्यांनीच घराच्या मागच्या खळ्यात तयार केला. शिकवण एकच, पण कडक. “पाठ टेकली का हात सोडायचा. पडल्याला मारलास तर घरात यायचा नाय.” समोरच्याला चीत करायचं, ताडकन उठायचं, पंचाकडे तोंड करायचं, मग खालच्याला हात देऊन उभं करायचं आणि त्याच्या पाठीची माती आपल्या हाताने झटकायची. सातव्या वर्षापासून भाऊ हे करत आला. चीत केल्यावर जो उठून पंचाकडे बघत नाही, तो पैलवान नव्हे, खाटीक, असं बाबा म्हणत.

माझा पिंड मात्र वेगळा. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. कल्याणला कॉलेजात होते तेव्हा दोन वर्षं बॉक्सिंग केलं. तिथे पडलेल्या माणसाला दहा आकड्यांची सवलत असते आणि मारणाऱ्याला पंच लांबच्या कोपऱ्यात धाडतो. एकदा माझ्या ठोशानं समोरची मुलगी गुडघ्यांवर आली. तिच्या नाकातलं रक्त हनुवटीवरून गळत होतं. पंच आकडे मोजत होता, आणि मला कोपऱ्यात उभं राहवत नव्हतं. मला ते नाक अजून एकदा फोडायचं होतं. ती उठली नाही याचं मला वाईट वाटलं, आणि ते तिच्यासाठी वाटलं नव्हतं.

म्हणून पिंजऱ्यातल्या लढती मोबाइलवर दिसायला लागल्या तेव्हा मी हरखलेच. तिथे माणूस पडला की खेळ संपत नाही, तिथून सुरू होतो. वरचा खालच्याच्या छातीवर बसतो आणि कोपरानं भुवई फोडतो. भाऊ आणि मी जेवणं झाली की एकाच मोबाइलवर डोकी लावून बघायचो. एकदा बाबांनी मागून वाकून पाहिलं.

“ह्यात पंच हाय का नाय?”

“आहे की. तो बघा, काळ्या शर्टातला.”

“मग तो करतो काय?”

आम्ही दोघं खो खो हसलो. बाबा अंगणात जाऊन बसले.

भाऊ आसनगावला एका कारखान्यात लागला होता. तिथल्या व्यायामशाळेत एक सर पिंजऱ्यासाठी पोरं तयार करायचे. भाऊ जाऊ का नको करत होता. ढकलला तो मी. म्हटलं, “उतर रे. ती पोरं नाचतात नुसती. तुझ्यासारखी पकड आहे कुणाची?” सरांनी त्याला तीन महिने ठोसे आणि लाथा शिकवल्या, आणि बजावलं, माणूस पाडलास की वर बसायचं, पंच ओढून काढेपर्यंत हाणायचं. भाऊ मान डोलवायचा. पण ते सगळं डोक्याला कळलेलं. अंगाला बाबांचंच माहीत होतं.

लढत ठरली शहापूरजवळच्या एका लग्नाच्या लॉनवर. त्याच लॉनवर आमच्या मावसबहिणीचं लग्न लागलं होतं. जिथे नवरा-नवरी उभे होते तिथे आता लोखंडी जाळीचा पिंजरा होता, आणि डीजे तोच. दुपारचे चार वाजले होते. बाबा आले नाहीत. मी जाळीपासून तिसऱ्या रांगेत, लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर.

समोरचा मुलगा सडपातळ, मानेवर गोंदलेलं. त्याने पहिल्या मिनिटातच भावाच्या मांडीवर अशा लाथा घातल्या की ओल्या कपड्यावर धोपटणं बसावं तसा आवाज तिसऱ्या रांगेत येत होता. मग एक ठोसा तोंडावर. भावाचा ओठ फाटला. माझ्या डोळ्यांत रक्त उतरलं. मी खुर्चीवर चढले. “मार त्याला! फोड!” माझ्या आजूबाजूचे पुरुष वळून बघत होते, बघू देत. भाऊ ठोसे खात खात आत शिरला, त्याच्या कमरेला मिठी मारली, उचलला, आणि असा आपटला की पिंजऱ्याच्या फळ्या दणाणल्या. दोन्ही खांदे जमिनीवर. पाठ साफ टेकलेली. म्हशाच्या आखाड्यात यावर नारळ फुटला असता.

“झाली! कुस्ती झाली!” मी सगळा जीव घशात आणून ओरडले.

भाऊ उठला. हात सोडला, उभा राहिला, आणि माझ्या आवाजाकडे वळला. चेहऱ्यावर हसू होतं, फाटलेल्या ओठाचं.

मागून तो मुलगा उठला होता. त्याची नडगी भावाच्या डाव्या डोळ्याखाली बसली. भाऊ सरळच्या सरळ कोसळला, हातसुद्धा पुढे आले नाहीत. मग तो मुलगा छातीवर बसला. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक ठोशाला भावाचं डोकं फळीवर आपटत होतं. पंचाने पाचव्याला ओढून काढलं. लॉनवर शिट्ट्या वाजत होत्या. मी ज्या खुर्चीवर उभी होते ती केव्हा मोडली मला कळलं नाही.

डोळ्याखालचं हाड तीन ठिकाणी मोडलं, डोळ्याच्या आतला पडदा सुटला. दोन ऑपरेशनं झाली. डाव्या डोळ्याची नजर परत आली नाही.

तो मुलगा चौथ्या दिवशी हॉस्पिटलात आला. हातात शहाळी. दारातच मी त्याची कॉलर धरली, भिंतीवर आपटला आणि मूठ उगारली. तो अंग चोरत खाली बसला, पोरगंच होतं ते. आतून पट्ट्या बांधलेल्या भावाचा आवाज आला, “बाय, सोड त्याला. बसला ना खाली तो.” मी मूठ खाली केली. त्याने नियम मोडला नव्हता. नियम माझ्या भावाने मोडला होता, माणुसकीच्या बाजूने मोडला होता, आणि ते त्याच्याकडून कुणी करून घेतलं ते मला माहीत होतं.

कुणीतरी ती लढत मोबाइलवर घेतलेली. तिच्यात माझा आवाज स्वच्छ ऐकू येतो. आधी आवाज, मग त्याची मान वळते. मी ते इतक्यांदा पाहिलं की मोबाइलच घरात ठेवून शेतावर जायला लागले. भाऊ त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. बाबाही नाहीत. मला कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या पौषात भाऊच म्हणाला, म्हशाला जाऊ. आम्ही दोघं आखाड्याच्या कडेला मातीत बसलो. मी त्याच्या डावीकडे. मुरबाडकडचा एक जण आणि वैशाखरे गावचा एक, दोघे झुंजले, घामाने चिखल झाला. मुरबाडकराने ढाक डाव टाकला आणि समोरच्याची पाठ टेकवली. माणसं ओरडली. मी दात आवळून गप्प बसले. वरचा उठला, पंचाकडे वळला, मग खालच्याला उठवून त्याची पाठ झटकू लागला.

“का गो, ओरडत नायस?” भाऊ समोर बघतच म्हणाला.

मी बोटाने माती उकरत राहिले.

“तवा मी पंचाकडं बघणार होतो,” तो म्हणाला. “तुझा आवाज आला. मला वाटला, जिकलो. आता बाय ओरडली म्हंजे जिकलोच.” मग म्हणाला, “ओरड. तुझ्याबिगर कुस्ती संपल्यासारी वाटत नाय.”

मी ओरडले. आवाज चिरकला, अर्धा रडण्यात गेला. पण ओरडले, “झाली! कुस्ती झाली!”

भावाने मान माझ्याकडे वळवली. पार खांद्यापर्यंत वळवली, कारण मी त्याच्या डाव्या बाजूला होते.