लाल काढलेला दिवा

निगडीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मशीनवर काम करणारा एकजण माझ्या शेजारी बसायचा. सिग्नल लाल झाला की डुलकी मोडून ताठ व्हायचा. मला वाटायचं, केवढा शिस्तीचा माणूस.

एकदा त्यानं श्रीखंडाचा रिकामा डबा दाखवला. आत लाल, पिवळा, हिरवा असे तीन एलईडी बसवून लेकीसाठी रंग बदलणारा रात्रीचा दिवा केला होता.

आठवड्यानं मी विचारलं, "झोपते का लेक?"

"ती झोपती राव. मीच उठतो. कंपनीत मशीनवर हिरवा दिवा असला की लाईन चालू, लाल लागला की लाईन बंद, पळायचं. घरीबी तसंच व्हायला लागलं. लाल काढला. मग पिवळा दिसला की वाटायचं, आता लाल येणार. तोबी काढला."

"लेक काय म्हणाली?"

"म्हणली, रंग बदलत न्हाई. म्हटलं, लाईन चालू हाय, झोप."