आईला गाडी लागते

माझ्या आईला गाडी लागते. एसटी असो, जीप असो, नाहीतर कुणाची एसी लावलेली कार असो, दार बंद झालं की तिचा चेहरा उतरतो आणि पोटातलं वर चढायला लागतं. एका लग्नाला आम्ही तिला नाशिकला नेलं होतं. लिंबू, आलेपाक, पोटावर घडी करून बांधलेलं वर्तमानपत्र, सगळे उपाय केले. त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत आई नाकाशी लिंबू धरून उभी आहे. नवरीपेक्षा लिंबूच ठळक आलंय.

मोटरसायकलवर मात्र तिला कधीच काही झालं नाही. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावाहून बाजाराला, दवाखान्याला, माहेराला ती वडिलांच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसायची आणि जायची. त्यामुळे झालं असं, की वडिलांची मोटरसायकल दिवसभरात जाऊन परत येईल, तेवढंच तिचं जग राहिलं.

आता दोघंही माझ्याकडे नवीन जालन्यात असतात, जिथं नळाला आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी येतं. मी एका बियाण्याच्या कंपनीत ऑफिसात कामाला आहे, बायको शाळेत शिकवते. मागच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी आईच्या फोनवर कुणीतरी समुद्राचा व्हिडिओ पाठवला. तिनं तो सात-आठ वेळा पाहिला. मग फोन पालथा ठेवून म्हणाली, "मला हे बघायचंय. पण बसनं न्हाई."

"रेल्वेनं जाऊ," मी म्हणालो.

"रेल्वे आपल्या मनानं थांबती. मला माझ्या मनानं थांबायचंय."

वडिलांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "मी बघितला न्हाई तर समुद्राचं काय अडलंय?" म्हणजे ते येणार नव्हते. बायकोच्या शाळेत परीक्षा. उरलो मी. माझं वय सेहेचाळीस, उंची पाच फूट तीन इंच, आणि तोवर मोटरसायकलवर केलेला सगळ्यात लांबचा प्रवास जालना ते राजूर.

माझी जुनी गाडी दोघांना घेऊन चढावर खोकायची, म्हणून नवी घ्यायची ठरली. ही बातमी ऑफिसात फुटली आणि दोन दिवस कुणी बियाण्याबद्दल बोललंच नाही. ज्यानं त्यानं मला एकेक गाडी सुचवली. प्रत्येकानं सुचवलेली गाडी त्याच्या स्वतःकडे नव्हती, त्याला ती हवी होती.

शोरूममध्ये आई सोबत आली. "बसायचं मी आन् बघायचं तू, हे कसं जमंल?" तिच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "लागतो."

पहिली गाडी पुढं वाकून चालवायची, ऐटबाज. तिची मागची सीट इतकी उंच आणि इतकीशी, की सेल्समननं आईसाठी स्टूल आणलं. आई चढली, थोडा वेळ वरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुझं टक्कल पडून राह्यलं रे." मला हे माहीत नव्हतं. सेल्समननंही वाकून पाहिलं आणि मान डोलावली. "हे फडताळ हाय," आई त्याला म्हणाली. "ह्याच्यावर डबे ठेव. माणूस नको ठेवू."

दुसरी गाडी भारी, धडधडणारी. ऑफिसातल्या निम्म्या लोकांची हीच शिफारस. तिच्यावर बसलो तर माझे फक्त अंगठे जमिनीला टेकले. "सवय होते, सर," सेल्समन म्हणाला. गाडी सुरू झाली आणि मागून टकटक टकटक असा आवाज यायला लागला. मला वाटलं, नव्या गाडीत बिघाड. तो आईच्या कवळीचा आवाज होता. तिनं कवळी काढली, रुमालात गुंडाळली, आणि बोळक्या तोंडानं "हं, आता चालव," म्हणाली. मी शोरूमच्या उतारावर आलो, आई जरा हलली, आणि गाडी आम्हा दोघांना घेऊन सावकाश डावीकडे झुकली. वॉचमन आणि सेल्समननं दोन्ही बाजूंनी धरलं म्हणून वाचलो. मिरवणुकीतल्या मूर्तीसारखे आम्ही त्यांच्या आधारानं आत परत आलो.

तेव्हा मी जुन्या जालन्यात गेलो. तिथं एका बोळात माझ्या जुन्या गाडीची दुरुस्ती करणारे उस्ताद बसतात. त्यांनी हातातलं काम न थांबवता सगळं ऐकून घेतलं.

"पळणारी गाडी कुणी बी देईल साहेब," ते म्हणाले. "तुम्ही थांबणारी घ्या. ब्रेक चांगला पाह्यजे, सीट लांब पाह्यजे, आणि तुमचे दोन्ही पाय जमिनीला बराबर टेकले पाह्यजे. बाकी सगळा शौक हाय."

हा सल्ला आईला एकदम पटला. तिसऱ्या शोरूममध्ये ती सीटवर तळहात दाबून बसली, चाकाला लाथ मारून पाहिली, मागं जाऊन उभी राहिली आणि सवयीनं विचारलं, "दात किती?"

बैल घेताना त्याचं वय ओळखायला आमच्याकडे हेच विचारतात. पण तिथला सेल्समन शहरातला. तो खाली बसला, बोट लावून मागच्या चाकावरचं चेनचं चक्र मोजलं आणि सांगितलं, "बेचाळीस, मावशी."

"बेचाळीस!" आई माझ्याकडे वळली. "मंग लय म्हातारी हाय."

तरीही तीच घेतली. दिसायला ती अगदी साधी होती. रस्त्यानं गेली तर कुणी मान वळवून पाहणार नाही. पण सीट लांब आणि सपाट, पुढच्या ब्रेकला एबीएस, आणि माझे पाय टाचांसकट जमिनीवर. घेण्याआधी आईनं भरलेला तांब्या मांडीवर धरून मला दोन चकरा मारायला लावल्या. परत आलो तेव्हा तांब्या अर्धा होता आणि उरलेला अर्धा माझ्या पाठीवर. "पास," आई म्हणाली.

मग उस्तादांनी आम्हाला तयारीची एक यादी सांगितली आणि बायकोनं ती शाळेच्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावली. दोघांना पूर्ण तोंडाचं हेल्मेट. जाड जॅकेट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट, गुडघ्याचे पॅड. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आईनं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. एका बाजूला बसून एवढ्या लांब जायचं नाही.

हेल्मेटच्या दुकानात तिचा अंबाडा आडवा आला. अंबाड्यासकट मावेल असं एक हेल्मेट मिळालं, पण ते तिच्या डोक्यावर घंटेसारखं हलायचं. उस्ताद म्हणाले, सैल हेल्मेट म्हणजे नुसती टोपी. मग आईनं दुकानातच अंबाडा सोडला आणि वेणी घातली. योग्य मापाचं हेल्मेट नीट बसलं, मात्र तिची टिकली आतल्या अस्तराला चिकटली ती चिकटलीच. शिवाय हेल्मेट घातलं की आपल्याला कमी ऐकू येतं म्हणजे जगालाही कमी ऐकू येतं, असा तिचा समज झाला. "ह्येचा भाव कमी करायला लाव त्याला!" ती माझ्या कानात कुजबुजली, आणि समोरच्या कापड दुकानातली गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली.

पायांचा प्रश्न बायकोनं सोडवला. तिनं आपला एक सलवार-कमीज ढिला करून आईला दिला. आई दोन दिवस नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिनं तो घातला, वर जॅकेट, बूट, पॅड, हेल्मेट, काच खाली, आणि सराव म्हणून जिन्यानं खाली-वर करून आली. बेल वाजवली. वडिलांनी दार उघडलं, तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "मुलगा घरी न्हाई. पार्सल इथं ठेवा." आणि दार लावून घेतलं.

हे ऐकून आईला इतकं हसू आलं, की तिला जिन्यातच बसावं लागलं. सलवारीबद्दलची तिची कुरकूर मात्र त्या दिवशी संपली.

सामानाचंही तसंच. मी म्हणालो होतो, कमीत कमी. गाडीच्या एका बाजूच्या पिशवीत तिनं कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तिखट-मीठ आणि लोणच्याची बरणी भरली. गाडी तिकडं कलायला लागली. वजन दोन्हीकडे सारखं पाहिजे, असं मी समजावून सांगितलं. अर्ध्या तासानं येऊन पाहतो तर दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. आईनं दुसऱ्या पिशवीत चार किलो ज्वारीचं पीठ भरलं होतं.

"समुद्रावर पीठ कशाला?"

"पीठ वजनासाठी हाय," ती म्हणाली. "बरणी खाण्यासाठी."

शेवटी बायकोनं दोन्ही पिशव्या रिकाम्या केल्या. त्यांत आईच्या बीपीच्या गोळ्या, मलमपट्टी, पाणी आणि एकेक जोडी कपडे भरले. चटणी राहिली.

निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही रंगीत तालीम म्हणून राजूरला गेलो. सगळा जामानिमा अंगावर, सगळं सामान गाडीवर. बोलणं ऐकू येत नाही म्हणून खांद्यावर थापा मारायच्या ठरल्या होत्या. एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे चहा. तीन म्हणजे पोटात ढवळतंय, जल्दी. गावाबाहेर पडतो न पडतो तोच तीन थापा. मी घाबरून आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, काच वर करून विचारलं, "काय होऊन राह्यलंय?"

"काय न्हाई. तो हरभरा बघ किती झाक आलाय."

"मग तीन का मारल्या?"

"एकीला तू थांबला नसतास."

आम्ही हरभऱ्याच्या कडेला उभे होतो तेवढ्यात शेतातून एक माणूस लगबगीनं आला. आमची हेल्मेटं, मोजे, पॅड बघून त्याच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. "आले का? सकाळपासून वाट बघून राह्यलो. पंप कुठंय?" त्यानं फवारणीला माणसं बोलावली होती. आम्ही ती नाही हे पटवायला वेळ लागला. कारण आईनं मध्येच हेल्मेट काढून, अळी किती आहे आणि तू कोणतं औषध आणलंय याची चौकशी सुरू केली. माझ्या कंपनीचं नाव कळल्यावर त्याला आणखी चार गोष्टी विचारायच्या होत्या. पाऊण तास गेला.

राजूरला मंदिराबाहेर गाडी लावायला जागा शोधत होतो, अगदी पायी चालण्याच्या वेगानं. उतरताना मला सांगायचं, मी दोन्ही पाय रोवले की डावीकडून उतरायचं, हे आईला दहादा सांगून झालं होतं. पण गर्दीत तिला तिच्या माहेरची एक मैत्रीण दिसली. आई उजवीकडून उतरली. न सांगता, सगळा भार उजव्या पायदानावर देऊन.

गाडी पडली असं म्हणता येणार नाही. ती म्हशीसारखी बसली. आधी कलली, मग मी तिला धरलं, मग ती आणि मी मिळून सावकाश खाली गेलो. मी उजव्या कुशीवर, पाय गाडीखाली. त्या क्षणी माझ्या मनात फक्त एवढंच आलं, की पॅड घातलेत ते बरं.

आईची पाठ माझ्याकडे होती. "समुद्राला चाललेय मी," ती मैत्रिणीला सांगत होती. "मोटरसायकलवर. माझा थोरला घेऊन चाललाय."

"कुठंय तो?"

आईनं वळून पाहिलं. "हा काय. खाली."

चार जणांनी गाडी उचलली. जॅकेटचं कोपर खरवडलं होतं, गुडघ्याच्या पॅडवर ओरखडा होता, आत मला काहीच झालं नव्हतं. पण कान तापले होते. थांबलेल्या गाडीवर ही गत, तर घाटात काय होईल? दर्शन झाल्यावर पायरीवर बसून मी आईला म्हणालो, राहू दे, नको जायला.

आई थोडा वेळ बुटाच्या बंदांशी खेळत राहिली. मग म्हणाली, "चूक माझी व्हती. मी शिकते. तू फक्त घाबरू नको, तू घाबरला की मला मागं कळतं."

आणि ती खरंच शिकली. पुढचा आठवडाभर रोज संध्याकाळी आमच्या इमारतीखाली ती त्या गाडीवर चढली आणि उतरली. "उतरू?" "उतर." "चढू?" "चढ." वरच्या गॅलऱ्यांत लोक चहाचे कप घेऊन उभे असायचे. चौथ्या दिवशी वडीलही खुर्ची घेऊन खाली आले आणि मोजायला लागले.

आम्ही वाटेत दोन मुक्काम करत गेलो. उजाडल्यावर निघायचं, ऊन उतरायच्या आत खोली गाठायची, तासाभरानं थांबायचंच. आई हातवारे करून मागून सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांना रामराम घालत होती. घाटात ती एकदम गप्प झाली. मागं बसलेलं माणूस झोपलं तर धोका, म्हणून मी मोकळी जागा बघून थांबलो. ती टक्क जागी होती. "वळणं मोजून राह्यले व्हते," ती चिडली. "तू मधीच थांबला, आता आकडा चुकला."

तिसऱ्या दिवशी दुपारी रायगड जिल्ह्यातल्या एका लहान गावात सुरूच्या झाडांमागून समुद्र दिसला. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. तिनं बूट काढले, मोजे काढले, सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि सरळ चालत गेली. पाणी पायाला लागलं तशी दोन पावलं मागं आली, पुन्हा पुढं गेली. असं बराच वेळ चाललं. मी हेल्मेटं सांभाळत बसलो. माझे डोळे भरून आले होते. वाळू गेली असावी.

मग ती शहाळेवाल्याजवळ गेली.

"उन्हाळ्यात किती आटतो हा?"

शहाळेवाला भला माणूस. हसला नाही. "आटतो की, आजी. रोजच आटतो. आता संध्याकाळी बघा, पार तिकडं जाईल. मग परत भरेल."

"रोज?"

"दिवसातून दोनदा."

आई माझ्याकडे आली, शेजारी वाळूत बसली आणि हलक्या आवाजात, जणू कुणी ऐकलं तर दृष्ट लागेल अशी म्हणाली, "दोन टायमाला पाणी येतं रे ह्यांच्याकडं."